व्यायामाला विक्रेता नसतो

नवं औषध बाजारात आलं की ते डॉक्टरांपर्यंत पोहोचवायला अख्खी यंत्रणा कामाला लागते. कंपनीचा प्रतिनिधी दवाखान्याबाहेर ताटकळत बसतो, नमुने ठेवून जातो, परिषदांमध्ये स्टॉल लागतात, गुळगुळीत माहितीपत्रकं टेबलावर येऊन पडतात. त्यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती हा वेगळा विषय, पण बातमी पोहोचते हे नक्की. पक्षाघात झालेल्या माणसाने खुर्चीतून उठायचा सराव कसा करावा, किती उंचीच्या खुर्चीपासून सुरुवात करावी, दिवसातून किती वेळा करावा आणि कुठल्या दिवशी खुर्ची बुटकी करावी, हे सांगायला मात्र कुणी दारात येत नाही. त्यात विकण्यासारखं काही नसतं. पुनर्वसन वैद्यकातलं, म्हणजे आजार किंवा दुखापतीनंतर माणसाला पुन्हा हिंडतं-फिरतं आणि स्वावलंबी करणाऱ्या शाखेतलं, बहुतेक ज्ञान याच जातीचं आहे. ते बाटलीत भरता येत नाही, कुणीतरी लिहितं आणि कुणीतरी वाचतं तेव्हाच ते पुढे सरकतं. म्हणून या शाखेचं जर्नल, म्हणजे शोधनिबंध छापणारं नियतकालिक, कोण वाचू शकतं आणि ते कशाच्या जोरावर वाढतं, हा प्रश्न ग्रंथपाल आणि प्रकाशक यांच्यावर सोडून चालणार नाही.

माझं म्हणणं असं आहे: पुनर्वसन वैद्यकाचं जर्नल वाचकाला पूर्ण मोफत असायला हवं, आणि ते लेखकाकडून लेखामागे शुल्क घेऊन वाढता कामा नये. पहिली गोष्ट आता बऱ्याच जणांना पटली आहे. दुसरीकडे अजूनही काणाडोळा होतो, आणि तिच्यामुळे पहिलीचाही घात होतो आहे.

आधी पहिलीबद्दल. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल रुग्णालयात मज्जारज्जूच्या दुखापतींसाठी विभाग सुरू केला, तेव्हा अशा रुग्णांपुढे वैद्यकाने जवळजवळ हात टेकले होते. पाठीवर आणि कमरेवर होणारे बेडसोअर आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी ही तरुण माणसं दगावत. गुटमन यांनी आग्रह धरला तो अगदी साध्या वाटणाऱ्या गोष्टींचा. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, रात्रीसुद्धा. मूत्राशयाची निगा काटेकोर ठेवायची. आणि माणसाला अंथरुणात पडू न देता कामाला, खेळाला लावायचं. १९४८ मध्ये त्याच रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतल्या खेळाडूंची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पॅरालिम्पिकची मुळं तिथली. या सगळ्यात पेटंट घ्यावं असं काही नव्हतं. माणसांनी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने करायची कामं होती. अशी कामं दुसऱ्या गावात उभी करायला कारखाना लागत नाही, पण ती नेमकी कशी केली हे कळावं लागतं.

उलट बाजूला, ज्याला विक्रेता आहे ते कसं पसरतं तेही पाहू. हार्नेसमध्ये अडकवून ट्रेडमिलवर चालवणं, हाताला बांधलेला रोबोट, दिव्यांची आणि पडद्यांची साधनं, यांचे व्हिडिओ डोळे दिपवतात. २०११ मध्ये लीप्स चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पक्षाघात होऊन दोन महिने झालेले ४०८ रुग्ण तीन गटांत विभागले होते. एका गटाला लवकर ट्रेडमिलचं प्रशिक्षण, दुसऱ्याला तेच पण पक्षाघातानंतर सहा महिन्यांनी, आणि तिसऱ्या गटाकडे फिजिओथेरपिस्ट घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम घेत होते. वर्षाअखेरीस एकूण ५२ टक्के रुग्णांचं चालणं सुधारलं होतं आणि तिन्ही गटांत त्याबाबत फरक नव्हता. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या रॅटल्स चाचणीने ७७० रुग्णांवर हाताच्या रोबोटची परीक्षा घेतली. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत रोबोटमुळे हाताचं प्रत्यक्ष काम सुधारलेलं दिसलं नाही. हे निष्कर्ष सांगायला कुठलाही विक्रेता येणार नाही, हे उघड आहे. यंत्राच्या खरेदीवर सही करायला बसलेल्या रुग्णालयाच्या प्रमुखाला आणि कर्ज काढून खासगी केंद्रात जायच्या विचारात असलेल्या कुटुंबाला हे कळायचं असेल, तर ते उघड्यावर, फुकट वाचता येईल अशा ठिकाणीच असलं पाहिजे.

गरज केवढी आहे याचा एक आकडा पुरेसा आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलात आलेल्या जागतिक अंदाजानुसार २०१९ मध्ये सुमारे २४१ कोटी लोकांना असा एखादा आजार किंवा दुखापत होती, ज्यात पुनर्वसनाचा उपयोग झाला असता. म्हणजे जगातल्या दर तिघांमागे एकाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये 'रिहॅबिलिटेशन २०३०' ही हाक दिली आणि मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आरोग्यव्यवस्थेत पुनर्वसन बळकट करण्याचा ठराव केला. ठराव झाले ते बरंच झालं. पण या २४१ कोटींवर उपचार करणारे हात प्रामुख्याने विद्यापीठांच्या बाहेर आहेत. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, परिचारिका, कृत्रिम अवयव बसवणारे तंत्रज्ञ यांच्यापैकी फार थोड्यांकडे वर्गणीदार ग्रंथालयाचा पासवर्ड असतो. वर्गणीच्या जर्नलातला एक लेख विकत घ्यायचा तर तीस-चाळीस डॉलर पडतात, आणि लेख उपयोगाचा आहे का हे पैसे भरल्यावरच कळतं.

"सारांश तर मोफत असतोच," असं यावर सांगितलं जातं. पुनर्वसनात सारांशावर विसंबणं किती महागात पडू शकतं याचं एक ठळक उदाहरण आहे. २०१५ मध्ये एव्हर्ट या चाचणीचे निष्कर्ष आले. पाच देश, ५६ केंद्रं, २,१०४ रुग्ण. पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत रुग्णाला अंथरुणाबाहेर काढून भरपूर हालचाल करवली तर तो जास्त बरा होतो का, हा प्रश्न होता. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण अशी हालचाल करवलेल्या गटात ४६ टक्के निघाले आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ५० टक्के. एवढंच वाचणारा माणूस घाईने निष्कर्ष काढेल की रुग्णाला लवकर उठवू नये. आतले तक्ते पाहिले की चित्र बदलतं. नेहमीच्या उपचारांच्या गटातले रुग्णही काही आठवडाभर झोपून नव्हते. त्यांना पहिल्यांदा उठवलं त्याचा मध्यक होता २२.४ तास, आणि दुसऱ्या गटात १८.५ तास. दोघेही लवकरच उठले होते. मोठा फरक होता तो मात्रेत: जास्त हालचालीच्या गटात दिवसाला ३१ मिनिटं, नेहमीच्या उपचारांच्या गटात १० मिनिटं. त्याच माहितीच्या पुढच्या विश्लेषणात असं दिसलं की थोड्या थोड्या वेळाच्या पण जास्त वेळा घेतलेल्या बैठका फायद्याशी निगडित होत्या आणि एकूण मिनिटं वाढवत नेणं तोट्याशी. आता विचार करा, ज्याच्या हाती फक्त सारांश आहे तो थेरपिस्ट दुसऱ्या दिवशी वॉर्डात काय करेल? पुनर्वसनात उपचाराचा डोस तक्त्यात असतो, पद्धतीच्या परिच्छेदात असतो, कधी परिशिष्टातल्या चित्रांत असतो. सारांशात तो मावत नाही.

मोफत वाचनाची चळवळ २००२ च्या फेब्रुवारीत बुडापेस्टच्या घोषणापत्राने आकाराला आली. पुनर्वसनाची जर्नलं त्याआधी कितीतरी वर्षं निघत होती. स्वीडनमधून १९६९ पासून निघणारं 'स्कँडिनेव्हियन जर्नल ऑफ रिहॅबिलिटेशन मेडिसिन' २००१ मध्ये 'जर्नल ऑफ रिहॅबिलिटेशन मेडिसिन' झालं आणि पुढे पूर्ण मुक्त, म्हणजे सर्वांना मोफत वाचता येणारं, झालं. कोरियातल्या पुनर्वसन वैद्यकाच्या संघटनेचं जर्नल १९७७ पासून कोरियन भाषेत निघायचं. २०११ मध्ये ते 'ॲनल्स ऑफ रिहॅबिलिटेशन मेडिसिन' या नावाने इंग्रजीत आणि सर्वांसाठी खुलं झालं. 'जर्नल ऑफ न्यूरोइंजिनिअरिंग अँड रिहॅबिलिटेशन' तर २००४ मध्ये जन्मलंच मुक्त. ही सगळी वाढ मला मनापासून आनंदाची वाटते. कोणे एके काळी एका प्रदेशाच्या तज्ज्ञांपुरतं असलेलं पान आज जगातला कुठलाही थेरपिस्ट उघडू शकतो, याचं मोल कमी लेखू नये.

पण या वाटेवर एक गोष्ट घडली. वाचकाच्या दारावरचं कुलूप काढून ते लेखकाच्या दाराला लावलं गेलं. वर्गणी गेली आणि तिच्या जागी लेख-शुल्क आलं. लेख स्वीकारला की लेखकाने, म्हणजे त्याच्या संस्थेने किंवा निधी देणाऱ्याने, पैसे भरायचे. अनेक जर्नलांत हे शुल्क दीड-दोन हजार डॉलरच्या पुढे जातं, आणि 'नेचर'ने २०२० मध्ये जाहीर केलेला दर ९,५०० युरो होता. ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या संस्थांनीही हाच मार्ग धरला, कारण वर्गणी सोडल्यावर त्यांना दुसरा दिसत नव्हता. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परिणाम मात्र तोच झाला.

पुनर्वसनातलं संशोधन कसं होतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या परिणामाचा अंदाज येईल. औषधाच्या चाचणीमागे कंपनी असते. प्रकाशनाचा खर्च तिच्या हिशेबात धूळसुद्धा नसतो. पुनर्वसनात एखादी थेरपिस्ट आपल्या विभागातल्या चाळीस रुग्णांवर, ड्यूटी सांभाळून, दोन-तीन वर्षं काम करते. तिच्यामागे कुठलंही अनुदान नसतं. तिचा लेख चांगला असला तरी शुल्क तिच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढं असू शकतं. अत्यंत गरीब देशांना बहुतेक प्रकाशक आपोआप सूट देतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २००२ पासून चालणाऱ्या हिनारीसारख्या योजनेतून त्यांना वाचायलाही मिळतं. मधल्या उत्पन्नाचे मोठे देश, जिथे रुग्णही प्रचंड आहेत आणि संशोधकही, ते या याद्यांच्या फटीत अडकतात. मग मुक्त जर्नल सगळ्यांना वाचता येतं, पण त्यात आवाज उमटतो तो श्रीमंत विभागांचा: जिथे एका रुग्णामागे तीन थेरपिस्ट आहेत, लिफ्ट आहे, रॅम्प आहे, घरी नेऊन सोडणारी गाडी आहे. तिथले उपचार वाचून इतरत्र अमलात आणता येत नाहीत, आणि इतरत्र ज्यांनी काटकसरीने काही साधलं त्यांना छापायला परवडत नाही.

यापेक्षा खोल दुखणं आणखी एक आहे. लेखामागे पैसा मिळतो तेव्हा जर्नलाची वाढ म्हणजे लेखांची वाढ, असं समीकरण होतं. लेख नाकारला की उत्पन्न बुडतं. संपादक कितीही सचोटीचा असला तरी त्याच्या वरच्या ताळेबंदाला हे कळत असतं. मग विशेषांकांचा पाऊस पडतो, पाहुणे संपादक नेमले जातात, समीक्षकांना, म्हणजे छापण्याआधी लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांना, आठ-दहा दिवसांची मुदत दिली जाते. विली या प्रकाशनसंस्थेने २०२१ मध्ये हिंदावी ही मुक्त जर्नलांची संस्था सुमारे ३० कोटी डॉलरना विकत घेतली. २०२३ या एका वर्षात हिंदावीच्या जर्नलांमधले आठ हजारांहून अधिक लेख मागे घ्यावे लागले. त्यातले बहुतेक विशेषांकांतून शिरलेले, आणि बनावट लेख लिहून विकणाऱ्या टोळ्यांचा त्यात हात होता. शेवटी ते नावच बंद करण्याची वेळ आली. त्याच वर्षी मार्चमध्ये, जर्नलांची सूची ठेवणाऱ्या क्लॅरिव्हेट या कंपनीने पन्नासएक जर्नलं आपल्या सूचीतून काढून टाकल्याचं जाहीर केलं. त्यात एमडीपीआय या प्रकाशकाचं पर्यावरण आणि सार्वजनिक आरोग्याचं अवाढव्य जर्नलही होतं. पुनर्वसनाचेही कितीतरी लेख त्यात येत असत. त्यातले प्रामाणिक लेख लिहिणाऱ्यांचं काय चुकलं होतं? जर्नल फुगलं आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

वैद्यकाच्या इतर शाखांनाही हा धोका आहे, पण पुनर्वसनाला तो जास्त बाधतो, कारण इथे वाईट चाचणी ओळखणं अवघड असतं. गोळीऐवजी साखरेची गोळी देता येते; व्यायामाऐवजी खोटा व्यायाम देता येत नाही. आपण काय करतो आहोत हे रुग्णाला कळतं, थेरपिस्टला कळतं. कुणीतरी रोज तासभर लक्ष दिलं एवढ्यानेही माणूस सुधारतो. नमुने लहान असतात, मोजमापं बरीच असतात, आणि त्यातलं एखादं तरी अनुकूल निघतंच. असे तीस लहान लेख भराभर छापले गेले की पुढे कुणीतरी त्यांची गोळाबेरीज करून पद्धतशीर आढावा लिहितं आणि तो आढावा मार्गदर्शक तत्त्वांत जाऊन बसतो. रोबोटच्या बाबतीत लहान चाचण्यांनी आशा दाखवली होती; रॅटल्ससारखी मोठी चाचणी व्हायला आणि तिचं उत्तर यायला बरीच वर्षं गेली. म्हणून मला असं जर्नल हवं आहे जे कमी छापेल आणि नकारात्मक निष्कर्षांना मानाने जागा देईल. पक्षाघातानंतर घरच्यांनाच शिकवून पुनर्वसन करता येईल का, हे भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर तपासणाऱ्या अटेंड चाचणीचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला: सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण सारखंच, ४७ टक्के. हे उत्तर कुणालाच हवंहवंसं नव्हतं. स्वस्तात सुटेल असं वाटणारा प्रश्न सुटला नव्हता. पण धोरण ठरवणाऱ्याला या एका 'नाही'चा उपयोग दहा डळमळीत 'हो'पेक्षा जास्त आहे.

"मग पैसे आणायचे कुठून?" हा आक्षेप रास्त आहे, आणि तो झटकून टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही. समीक्षक फुकट काम करतात हे खरं, पण भाषा तपासणं, मांडणी, आकडेवारीची तपासणी, चोरी पकडणं, लेखाला कायमचा क्रमांक देणं, पन्नास वर्षांनीही तो सापडेल अशी जपणूक करणं, यांना खर्च येतो. तो कुणीतरी उचलायलाच हवा. प्रश्न एवढाच की तो लेखागणिक उचलायचा की जर्नलागणिक. ब्राझीलमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या सायलो या उपक्रमाने सार्वजनिक निधीवर लॅटिन अमेरिकेतल्या शेकडो जर्नलांना एक सामायिक घर दिलं. वाचकालाही पैसे नाहीत आणि लेखकालाही नाहीत अशा जर्नलांना आता डायमंड म्हणतात. २०२१ च्या एका युरोपीय अभ्यासाने अशा जर्नलांची जगातली संख्या १७ ते २९ हजार असावी असा अंदाज मांडला. म्हणजे ही काही स्वप्नाळू कल्पना नाही. विद्यापीठं, संघटना आणि ग्रंथालयं हे गुपचूप करत आली आहेत. त्यांचं दुबळेपण वेगळं आहे: बरीचशी एखाद-दोन झपाटलेल्या माणसांच्या खांद्यावर उभी असतात आणि तो खांदा थकला की बंद पडतात. त्यांना कायमचा पगारी संपादकीय कर्मचारी हवा आहे. तो दिला तर लेख नाकारल्याने त्यांचं काही बिघडत नाही, आणि संपादकाच्या हाती खरं स्वातंत्र्य येतं.

आता वाढ मोजायची कशी? जर्नलाचं वजन ठरवायला वापरला जाणारा इम्पॅक्ट फॅक्टर हा आकडा, आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना चालू वर्षात इतर लेखांत सरासरी किती उल्लेख मिळाले ते मोजतो. वॉर्डात काम करणारा थेरपिस्ट लेख वाचून दुसऱ्या दिवसापासून व्यायामाची पद्धत बदलतो तेव्हा तो कुठेही उल्लेख करत नाही. त्याचं वाचन या मोजणीत शून्य धरलं जातं. ज्या जर्नलाचा खरा वाचक उल्लेख करणाऱ्यांत मोडतच नाही, त्याने या आकड्यासाठी जीव टाकावा हे मला पटत नाही.

त्यापेक्षा मी एक साधी कसोटी लावीन: या लेखात वर्णन केलेला उपचार, लेखकाला फोन न करता, दुसऱ्या कुणाला करता येईल का? २०१३ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलात आलेल्या एका पाहणीत औषधांखेरीजच्या १३७ उपचारांची वर्णनं तपासली होती. मूळ लेखावरून करता येतील इतकी पुरेशी वर्णनं फक्त ३९ टक्के निघाली, आणि लेखकांना पत्रं पाठवून माहिती मागवल्यावरही हा आकडा ५९ टक्क्यांवरच थांबला. त्यातूनच पुढच्या वर्षी टायडर ही बारा मुद्द्यांची यादी आली: काय केलं, कुणी केलं, कुठे, किती वेळा, किती वेळ, रुग्णानुसार काय बदललं, ठरवलं त्यातलं प्रत्यक्षात किती झालं. 'रुग्णांना पारंपरिक फिजिओथेरपी देण्यात आली' हे वाक्य आजही लेखांमध्ये सर्रास येतं. ते वाक्य असलेला लेख मोफत वाचायला मिळून कुणाचं काय भलं होणार? अशा लेखाची वाट मुक्त केली, पण पोटात काही ठेवलंच नाही.

याउलट कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने तयार केलेला ग्रास्प हा कार्यक्रम पाहा. पक्षाघातानंतर अधू झालेल्या हातासाठी, थेरपीच्या वेळेव्यतिरिक्त रुग्णाने स्वतः करायचे व्यायाम, तीन पातळ्यांच्या पुस्तिकांमध्ये चित्रांसह दिलेले आहेत. दिवसाला तासभर, आठवड्यातून सहा दिवस, चार आठवडे. साहित्य चेंडू, टॉवेल अशा घरातल्या वस्तूंचं. २००९ मध्ये १०३ रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला, आणि त्या पुस्तिका कुणालाही उतरवून घेता येतात. लेख आणि त्याच्यासोबत वापरता येणारी वस्तू, असं दोन्ही हाती दिलं की ज्ञान खरोखर हलतं. पुनर्वसनाच्या मुक्त जर्नलाने प्रत्येक उपचार-चाचणीसोबत अशी पुस्तिका किंवा व्हिडिओ सक्तीचा करावा असं माझं मत आहे. लेखकांना त्रास होईल. होऊ दे.

इथे परवान्याचा मुद्दा येतो, जो बहुतेक वाचक पानाच्या तळाशी सोडून देतात. मोफत वाचता येणाऱ्या लेखावर 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' अशी अट असेल तर त्याचं भाषांतर करून वाटायला परवानगी नसते. म्हणजे व्यायामाचं पान इंग्रजीत वाचा, पण ते तुमच्या रुग्णाच्या भाषेत करून त्याच्या घरच्यांच्या हाती ठेवलंत तर नियमभंग. पुनर्वसनात उपचाराचा शेवटचा टप्पा जवळजवळ नेहमी घरच्या माणसाच्या हातून होतो: बायको, मुलगा, आई, पगारी मदतनीस. त्यांच्यापर्यंत भाषांतराशिवाय काहीच पोहोचत नाही. म्हणून श्रेय देऊन वापर, बदल आणि भाषांतर करू देणारा परवाना या शाखेत सक्तीचा हवा. कोरियन जर्नल इंग्रजीत गेल्याने जगाचा फायदा झाला हे वर म्हटलंच. पण प्रत्येक लेखासोबत लेखकाच्या देशातल्या भाषेत, साध्या शब्दांतला एक पानभर मजकूर यावा एवढी अपेक्षा अवास्तव नाही. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचे आढावे साध्या भाषेतला गोषवारा कितीतरी वर्षं देत आले आहेत.

मोजपट्ट्यांचंही तसंच. लेख मुक्त आणि त्यातली मोजपट्टी कुलपात, असं होतं. दैनंदिन स्वावलंबन मोजणारी एफआयएम ही प्रसिद्ध मोजपट्टी परवाना घेऊन वापरावी लागते. जर्नलांनी शक्य तिथे मोफत मोजपट्टीवरचे निकालही मागावेत.

राहिला रुग्णांनी शोधनिबंध वाचून घोटाळा करून घेण्याचा मुद्दा. ही भीती मला बोलून दाखवली जाते तेव्हा मी विचारते, आज ते काय वाचतात आणि पाहतात? चमत्काराने आठ दिवसांत चालायला लावणारे व्हिडिओ, पेशींच्या इंजेक्शनांच्या जाहिराती, 'शंभर टक्के रिकव्हरी'ची पानं. ती सगळी आधीपासूनच मुक्त आणि मोफत आहेत. कुलूप आहे ते फक्त तपासलेल्या माहितीला. मज्जारज्जूला इजा झालेल्या तरुणाच्या वडिलांनी लाखो रुपयांच्या इंजेक्शनाआधी एखादा धड लेख वाचला आणि त्यातलं अर्धंच समजलं, तरी ते डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारतील.

निधी देणाऱ्यांकडे एक ठोस मागणी आहे. गेट्स फाउंडेशनने २०२५ पासून आपल्या अनुदानातून लेख-शुल्क देणं थांबवलं. इतकी मोठी संस्था हे करू शकते तर पुनर्वसनाला निधी देणारी सरकारं, आरोग्य संशोधन मंडळं आणि विद्यापीठंही करू शकतात. आज जो पैसा लेखागणिक जातो, तो पाच-पाच वर्षांच्या करारांनी पुनर्वसनाच्या काही मोजक्या जर्नलांच्या संपादकीय कार्यालयांना थेट द्यावा. बदल्यात त्यांच्याकडून दरवर्षी जाहीर हिशेब घ्यावा: किती लेख आले, किती नाकारले, किती नकारात्मक निष्कर्ष छापले, किती उपचारांच्या पुस्तिका सोबत दिल्या, किती भाषांत दिल्या, आणि लेखक कुठकुठल्या देशांतले होते. लेखांची एकूण संख्या त्या हिशेबात नसली तरी चालेल.